पीकॅनचं थरांचं गार डेझर्ट सांगलीच्या उन्हात टिकतं का? (माझं वाहून गेलं)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आधी काय झालं ते सांगते, मग विचारते.

नणंदेचा मुलगा अमेरिकेहून आला, त्यानं अर्धा किलो पीकॅन आणले. ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी: अक्रोडाचा लांबट, गुळगुळीत चुलतभाऊ समजा. सोबत त्याच्या बायकोनं तिकडच्या एका पदार्थाची कृती पाठवली. मोठ्या चौकोनी काचेच्या ट्रेमध्ये चार थर. तळाला मैदा, बटर आणि पीकॅनचा भाजलेला थर, त्यावर क्रीम चीज आणि पिठीसाखर, त्यावर चॉकलेट पुडिंग, सगळ्यात वर फेटलेलं क्रीम आणि पीकॅनचा चुरा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या. तिकडे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन जायची जी जेवणं असतात, त्यात हा ट्रे ठरलेला असतो म्हणे. मला त्यातलं "आदल्या दिवशी करून ठेवा" एवढंच दिसलं आणि मी भिशीला हेच करायचं ठरवलं. बावीस जणी, विश्रामबागेत, एप्रिलातला शनिवार.

क्रीम चीजऐवजी चक्का घेतला. वरच्या थराला दुकानातलं साधं फ्रेश क्रीम आणलं. २५ मिनिटं फेटलं. बीटरला जळका वास यायला लागला, क्रीमला फेस आला, घट्टपणा काही आला नाही. पुडिंगचं पाकीट मिळालं नाही म्हणून कॉर्नफ्लोअर आणि कोको घालून कस्टर्ड शिजवलं. रात्री वीज जाईल या भीतीनं ते कोमट असतानाच ओतलं.

सकाळी ट्रे वरून इतका देखणा दिसत होता की फोटो काढून नणंदेला पाठवलासुद्धा. मग तो टेबलावर मांडला. चिठ्ठी निघाली, गप्पा झाल्या, अर्धा-पाऊण तास गेला. सुरी घातली आणि चारी थर एका रंगाचे झाले. खालचा थर, ज्यात मी पीकॅन जीव लावून घातले होते, तो ओल्या शिऱ्यासारखा लगदा. शेवटी डावानं वाट्यांतून वाढलं. "पुडिंग छान झालंय गं" म्हणत सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. रात्री ह्यांनी वाटी खरवडता खरवडता विचारलं, "ह्यातले अक्रोड जुने होते का?"

आता पाव किलोच्या जरा वर पीकॅन उरलेत. मे महिन्यात सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, तीसेक माणसं, त्यात अंडं न चालणारी निम्मी. पुन्हा करायचंय. माझं नेमकं कुठं चुकलं?

---

भडंग

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम बघायला लोक लांबून येतात. तुम्ही घरबसल्या ट्रेमध्ये दाखवलात. फोटो टाका की ओ.

---

भट्टीवाली

मिरजेत घरून केक करून देते. चूक क्रीमपासून सुरू झाली, बाकीच्या तिच्या मागून आल्या.

ते फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, भाजीत आणि फ्रूट सॅलडमध्ये घालायचं. फेटून उभं राहायला निदान ३० टक्के लागतं, ३५ असेल तर उत्तम. घरी ताक घुसळलंय ना? फॅटचे कण एकमेकांना चिकटत जातात आणि पुरते चिकटले की लोण्याचा गोळा येतो. क्रीम फेटणं म्हणजे त्याच वाटेवर निम्म्यात थांबणं. अर्धवट चिकटलेले कण हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. फॅट कमी असेल तर बुडबुडे धरायला कुणी नाही, आणि गरम असेल तर ते कणच वितळतात. एप्रिलात २५ मिनिटं बीटर फिरवून तुम्ही क्रीम तापवत होतात, ताई.

क्रीम, भांडं, बीटरच्या काड्या, सगळं अर्धा तास फ्रीजरमध्ये. खाली परातीत बर्फ. फेटताना रेघा उमटायला लागल्या की हात आवरायचा, नाहीतर लोणी पदरात.

बेकरीचं सामान मिळतं तिथं जे फ्रोजन व्हिपिंग क्रीम असतं ते बहुतेक वनस्पती तेलाचं. उन्हात ते दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त तग धरतं, हे मान्य करते. जिभेवर मेणचट थर ठेवून जातं, हेही मान्य करा. ते आधीच गोड असतं, वरून साखर घालू नका.

---

कृष्णाकाठची

अरे देवा. पाकिटावर "क्रीम" लिहिलंय एवढंच बघितलं मी. आणि कोमट कस्टर्डचं काय? कृतीत "पुडिंग ओता" असंच होतं, गार करा असं कुठं लिहिलेलं नाही.

---

टेक्सासातला सातारी

कारण तिकडच्या बाईंनी गॅस पेटवलेलाच नसतो. पाकिटातल्या इन्स्टंट पुडिंगमध्ये आधीच शिजवून वाळवलेला स्टार्च असतो, तो थंड दुधात ढवळला की पाच मिनिटांत धरतो. त्यामुळे ते मुळात गारच असतं. तुम्ही शिजवलंत म्हणजे चवीला सरस केलंत, पण खालच्या चक्क्याला शेक दिलात.

आता पीकॅनबद्दल, कारण तो माझ्या अंगणाचा विषय आहे. १९१९ पासून हे टेक्सासचं राज्यवृक्ष आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या गल्लीत फुटपाथवर सडा पडतो. मी पिशवी घेऊन वेचतो आणि खारी माझ्याकडं रागानं बघतात. मूळचं उत्तर अमेरिकेतलंच झाड. दक्षिण अमेरिकेतलं नव्हे, संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग आणि उत्तर मेक्सिको. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांमधून आलंय. दगडानं फोडावं लागणारं कवच, असा अर्थ. उच्चारावरून इथं घराघरांत दोन तट आहेत, कुणी "पीकॅन" म्हणतं, कुणी "पकान". मी पकानवाला. पक्वान्नाच्या जवळचं वाटतं.

तुमच्या यजमानांना ते जुने वाटले ते उगीच नाही. १०० ग्रॅम पीकॅनमध्ये ७० ग्रॅमच्या वर तेल असतं, अक्रोडात ६५ च्या आसपास. एवढं तेल सांगलीच्या उन्हात फडताळात ठेवलं तर खवट होणारच. उरलेली पिशवी आजच्या आज हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. आणि भाजल्याशिवाय वापरू नका. १६५ अंशांवर आठ-दहा मिनिटं, किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर. रंगावर नका जाऊ, ते आधीच तांबूस असतात. वास सुटला की उतरवायचे आणि कढईत न ठेवता लगेच ताटात पसरायचे.

---

आजीचा खलबत्ता

आणि मिक्सरला लावू नका गं. एवढं तेल असलेली वस्तू मिक्सरमध्ये दोन फिरक्यांत लगदा होते, तिळाच्या कुटासारखी. विळीवर नाहीतर सुरीनं कापायची. थोडे मोठे, थोडे बारीक, असेच राहू देत. दाताखाली यायला नको का?

तो तळाचा थर म्हणजे मला तर नानकटाईचं पीठ दिसतंय. त्याला एवढं बिचकता कशाला? माप सांगाल का कुणी?

---

टेक्सासातला सातारी

काकू, अगदी नानकटाईच. ९ बाय १३ इंचाचा ट्रे, म्हणजे २३ बाय ३३ सेंटिमीटर. त्याला मैदा १२५ ग्रॅम, बटर ११० ग्रॅम, कापलेले पीकॅन १०० ग्रॅम. साखर या थरात नसतेच बहुतेकदा. थर पातळ बसतो, कमी पडलं असं वाटेल, पण तसाच असतो. १८० अंशांवर १८-२० मिनिटं.

---

आजीचा खलबत्ता

मग मैद्यात बटर चोळायचं, मुठीत धरून मूठ वळली की मोहन बरोबर. पाण्याचा थेंब घालायचा नाही. ट्रेमध्ये वाटीच्या बुडानं थापायचं. कडा तांबूस दिसल्या तरी मधला भाग बोटानं दाबून बघायचा, मऊ लागला तर आणखी तीन मिनिटं. कच्चा राहिला की वरची सगळी ओल पिणार.

ओव्हन नसेल त्यांनी ओळखीच्या बेकरीत विचारावं. आमच्या लहानपणी दिवाळीत पत्र्याच्या डब्यातून पीठ न्यायचं आणि संध्याकाळी नानकटाई भाजून आणायची, रांगेत उभं राहून. आमचा डबा ओळखू यावा म्हणून आई कडीला लाल चिंधी बांधायची. तरी एकदा दुसऱ्यांची नानकटाई घरी आली होती आणि ती आमच्यापेक्षा चांगली होती. आईनं ते वर्षभर मनावर घेतलं.

---

भडंग

काकू, त्या चिंधीचा वेगळा धागा काढा.

---

नवशिका

प्रश्न: पीकॅन इथं महाग आणि सगळीकडं मिळतही नाहीत. काजू घातले तर?

---

भट्टीवाली

काजू नको. भाजला तरी काजू मऊच, आणि दुधाच्या थरांखाली त्याची चव हरवते. अक्रोड घ्या. कडवट असतो ते सालीमुळं. गरगरीत उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून निथळायचे, फडक्यावर कोरडे करायचे आणि मग नीट भाजायचे. बराचसा कडवटपणा पाण्याबरोबर जातो. पीकॅनचा तो लोणकढ्या तुपासारखा वास येणार नाही, पण पदार्थ पडणार नाही.

---

बेदाणा भाऊ

तासगाव तालुका. आमच्याकडं शेंगदाणे घालून बघितलं मागच्या वर्षी, मंडळीनं केलं होतं. मैद्यात भाजलेल्या शेंगदाण्याची भरड. पोरांनी ट्रे चाटून ठेवला. चॉकलेटबरोबर शेंगदाणा जमतोच. वर आपला हिरवा बेदाणा पेरला होता.

---

टेक्सासातला सातारी

शेंगदाण्याला हरकत नाही, बेदाण्याला आहे. गार, मऊ थरात बेदाणा चिवट लागतो.

---

बेदाणा भाऊ

तुम्ही तिकडचा वाळलेला खाल्लाय म्हणून. एक दिवस आधी संत्र्याच्या रसात भिजवून बघा, मग बोला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ पासून. पीकॅनला आहे का?

बरं, मस्करी सोडा. हे झाड आपल्याकडं लावता येईल का? बांधावर चार-दोन?

---

टेक्सासातला सातारी

भाऊ, मानांकनाचं मी हरलो.

झाडाचं अवघड आहे. पीकॅनला लांब, कडक उन्हाळा पाहिजे, तो तुमच्याकडं आहे. पण हिवाळ्यात झोपायला पुरेशी थंडी पण पाहिजे, त्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. हिमाचलात थोडीफार झाडं आहेत ती त्यामुळंच. शिवाय कलम लावलं तरी हातात काही यायला सहा-आठ वर्षं, आणि एक वर्ष भरभरून तर पुढचं वर्ष रिकामं, अशी त्याची खोड.

कलमावरून आठवलं, तुम्हाला आवडेल. पीकॅनचं बी लावलं तर आईसारखं फळ येईलच असं नसतं, आंब्यासारखंच. व्यापारी बागा उभ्या राहिल्या त्या कलमामुळं. लुइझियानातल्या ओक ॲली नावाच्या मळ्यावर अँटोइन नावाचा माळी होता, गुलाम. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यानं १६ झाडांवर चांगल्या पीकॅनचं कलम यशस्वी केलं. त्या वाणाला पुढं १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं, म्हणून वाणाचं नाव सेंटेनियल. माळ्याचं आडनाव कागदोपत्री नाही. नुसता अँटोइन.

---

बेदाणा भाऊ

आमच्या सगळ्या द्राक्षबागा डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम केलेल्या. तो खुंट मूळचा तुमच्या टेक्सासचाच. ऑगस्ट-सप्टेंबरात कलमं बांधणारी माणसं येतात, एकेकाचा हात असा चालतो की पट्टी कधी गुंडाळली कळत नाही. त्यांचीही नावं कुठं लिहिलेली नसतात. दोन वर्षांनी घड लागला की म्हणायचं, बाग अमक्याची.

---

कृष्णाकाठची

हे वाचून मगाशी एक पीकॅन नुसता खाल्ला, सावकाश.

पण मंडळी, माझा चक्का राहिला. श्रीखंडाला जमतो तो इथं का वाहिला?

---

भट्टीवाली

कारण तुम्ही श्रीखंडच केलंत. चक्क्यात साखर मिसळली की साखर त्यातलं पाणी ओढून घेते आणि चक्का सैल होतो. श्रीखंडाला ते पाहिजेच असतं. इथं त्याच्या अंगावर आणखी दोन थर बसणार आहेत.

क्रीम चीजमध्ये तेहेतीसेक टक्के फॅट असतं, ते गार झालं की थिजतं आणि उभं राहतं. चक्क्यात तेवढं नसतं, ते आपण घालायचं. मी असं करते: म्हशीच्या दुधाचं, आंबट न झालेलं दही रात्रभर टांगायचं, सकाळी फडक्यासकट चाळणीत ठेवून वर वरवंटा. फ्रीजमध्येच. असा घट्ट चक्का ४०० ग्रॅम, त्यात मऊ केलेलं बिनमिठाचं लोणी ८० ग्रॅम आणि पिठीसाखर १०० ग्रॅम. आधी लोणी आणि साखर फेसायचं, मग चक्का थोडा थोडा घालायचा. लोणी फ्रीजमध्ये थिजलं की थर वीट होतो. चिमूटभर मीठ विसरू नका.

हा थर पसरताना तळ पूर्ण गार पाहिजे. आणि काठापर्यंत लिंपायचा, काचेला फट ठेवायची नाही. हा तेलकट थरच तळाच्या नानकटाईचा रेनकोट असतो. वरच्या कस्टर्डचं पाणी फटीतून खाली गेलं की तुमचा शिरा.

कस्टर्डला ७५० मिली दूध, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम साखर. बुडबुडे यायला लागल्यावर घाईनं उतरवू नका, ढवळत आणखी मिनिट-दीड मिनिट शिजू द्या. कच्चा राहिलेला स्टार्च दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. गार करताना वर तुपाचा कागद पृष्ठभागाला चिकटवून ठेवा, नाहीतर साय धरते आणि मग गाठी. पसरण्याआधी एकदा फेटून घ्यायचं. अंडं कुठंच नाही, जिलेटिन नाही, सासूबाईंच्या पंगतीला चालेल.

---

नवशिका

वीज गेली तर?

---

भट्टीवाली

दार उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास गार राहतो. सारखं उघडून "अजून गार आहे ना" बघणाऱ्या माणसाला घराबाहेर पाठवा. बाहेर मांडल्यावर मात्र दुधाचा पदार्थ चाळीस अंशांत तासाच्या वर ठेवायचा नाही. ते फक्त दिसण्यासाठी नाही, पोटासाठी आहे. ट्रे मांडून ठेवूच नका. जेवणं आटोपली की काढायचा, कापायचा, वाटायचा.

---

दोन लेकरांची आई

एक सांगू का, रंगाचा भंग होईल पण. तीस माणसांत कुणाला अक्रोडाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. अक्रोड आणि पीकॅन एकाच कुळातले, एकाचा त्रास असेल त्याला दुसऱ्याचा होण्याची शक्यता मोठी. माझ्या धाकट्याला अक्रोडानं ओठ सुजतात, श्वास लागतो. एका बारशात "यात अक्रोड नाही हो" असं छातीठोकपणे सांगून त्याला वडी दिली होती. वडी पीकॅनची होती. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. चुरा वर दिसतो तेव्हा कळतं, तळात भाजून बसलेला दिसत नाही.

---

कृष्णाकाठची

बापरे. हे मनातही आलं नव्हतं. विचारतेच सगळ्यांना, आणि ट्रेजवळ चिठ्ठी लावते. धन्यवाद ताई.

---

कृष्णाकाठची

(सतरा दिवसांनी)

पंचाहत्तरी झाली. सांगायला आले.

शुक्रवारी रात्री दही टांगलं. शनिवारी सकाळी तळ भाजला, तो दुपारपर्यंत पंख्याखाली. दुपारी चक्क्याचा थर, दोन तास फ्रीज. कस्टर्ड वेगळ्या भांड्यात, तुपाचा कागद लावून, पूर्ण गार. ते ओतलं नाही, उलथन्यानं लिंपलं. क्रीम रविवारी सकाळी फेटलं, परातीत बर्फ घेऊन. भट्टीवाली ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणं ३५ टक्केवालं मिळवलं. चार मिनिटांत रेघा उमटल्या! मी घाबरून लगेच थांबले. पीकॅनचा चुरा मात्र वाढायच्या आधी दहा मिनिटं घातला, म्हणजे कुरकुरीत राहिला.

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, पाच बाय सहा अशा तीस वड्या पाडल्या. पहिली वडी मोडली (पहिली मोडतेच, ती ह्यांना दिली). दुसरीपासून चारी थर उभे. कापल्यावर बाजूनं दिसणारा तो तांबूस, पांढरा, चॉकलेटी, पांढरा असा पट्टा बघून मला इतकं बरं वाटलं की एक वडी ताटलीत घेऊन स्वयंपाकघरात नुसती बघत उभी राहिले. तळ चमच्यानं दाबला तर कट्ट वाजला.

भाच्याच्या मित्राला अक्रोड चालत नव्हते, विचारलं म्हणून कळलं. त्याला आमरस दिला, तो जास्त खूश.

तक्रार एकच: चक्क्यामुळं किंचित आंबटसर लागतं. मला ते आवडलं, चॉकलेटला उठाव आला. नणंद म्हणाली तिकडं असं लागत नाही.

---

टेक्सासातला सातारी

क्रीम चीजही आंबटसरच असतं, फक्त सौम्य. माझ्या मते तुमचं बरोबर आहे. नणंदेला सांगू नका.

---

भडंग

आणि उत्सवमूर्ती काय म्हणाल्या?

---

कृष्णाकाठची

सासूबाईंनी आधी वरचे तीन थर चमच्यानं बाजूला सारले. तळ तेवढा खाल्ला. मग म्हणाल्या, "नानकटाई उत्तम झालीय, पण तिच्यावर हे एवढं काय लिंपलंयस? आणि वेलदोडा कसा नाही घातलास?"

पीकॅन संपले. मोजून अकरा उरलेत. ते त्यांनी एका छोट्या डब्यात घालून, डब्याला लाल दोरा बांधून फ्रीजरमध्ये मागं सरकवून ठेवलेत.